अमर, चिरंजीव की अमर्त्य?

प्रश्न असा आला आहे: ॲलिसन नोएल यांच्या ‘द इममॉर्टल्स’ या प्रेमकादंबऱ्यांच्या मालिकेचा परिचय मराठीत लिहायचा आहे. त्यातल्या न मरणाऱ्या पात्रांना अमर म्हणावं, चिरंजीव की अजरामर?

माझं उत्तर आधीच सांगतो. मालिकेच्या नावासाठी आणि निवेदनासाठी ‘अमर्त्य’ घ्यावा; संवादांत मात्र यातला एकही शब्द नको.

२००९ ते २०११ या काळात आलेल्या या सहा कादंबऱ्यांत कॅलिफोर्नियातल्या लगूना बीचला शाळेत शिकणारी एव्हर आहे आणि सहाशे वर्षं जगलेला डेमन आहे. ती पुन्हा पुन्हा जन्माला येते, तो दर जन्मी तिला शोधतो. त्यांचं न मरणं देवांसारखं उपजत नाही, ते एका लाल पेयातून येतं. शिवाय ते पूर्णही नाही. शरीरातल्या सर्वांत दुबळ्या चक्रावर घाव बसला की हे लोकही संपतात. (चक्र हा आपला शब्द तिकडे जाऊन असा कथेचा कणा झाला आहे, याचं मला अप्रूप वाटतं.)

‘अमर’चा अर्थ अचूक आहे, पण मराठीनं त्याला वेगळ्याच कामाला लावलंय. ‘अमर रहे’ ही घोषणा आपण गेलेल्या माणसासाठी देतो. हुतात्मे अमर होतात ते मेल्यावर. ‘डेमन अमर होता’ असं लिहिलं तर वाचकाला तो कीर्ती मागे ठेवून गेला असंच वाटेल. ‘अजरामर’ व्युत्पत्तीनं सगळ्यांत नेमका, कारण जरा म्हणजे म्हातारपण आणि मरण या दोन्हींना त्यात नकार आहे. हे दोन नकार वेगळे आहेत हे जुन्यांना पक्कं ठाऊक होतं. अमरकोशात देवांची नावं ‘अमरा निर्जरा देवाः’ अशी सुरू होतात. न मरणारे आणि म्हातारे न होणारे, दोन्ही लगोलग. ग्रीक कथेतल्या उषादेवीनं आपल्या प्रियकरासाठी, टिथोनससाठी, फक्त अमरत्व मागितलं, तारुण्य मागायचं राहिलं, आणि तो झिजत झिजत नुसता आवाज उरला. पण आजच्या मराठीत अजरामर असतात ती गाणी, नाटकं, भूमिका. माणसाला हा शब्द चिकटत नाही.

आता ‘चिरंजीव’. लग्नपत्रिकेतला ‘चि.’ आणि ‘आमचे चिरंजीव’ हे पहिल्यांदा कानात वाजणार, ही अडचण आहेच. त्याहून मोठी अडचण अर्थाची. ‘चिरं जीव’ म्हणजे ‘पुष्कळ काळ जग’. हा आशीर्वाद आहे. त्यात ‘कधीच मरू नकोस’ असं कुठेही नाही. सात चिरंजीवांत पहिलं नाव अश्वत्थाम्याचं, पण महाभारताच्या सौप्तिकपर्वात कृष्ण त्याला शाप देतो तो तीन हजार वर्षं भटकण्याचा. लोकमनानं मात्र ती मुदत काढून टाकली. जखमेसाठी तेल मागत तो अजून फिरतो असं आपल्याकडे सांगतात, आणि नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्यातल्या अस्तंबा डोंगरावर दिवाळीत त्याची यात्रा भरते. मराठी वाचकाच्या मनात चिरंजीव म्हटलं की एकीकडे नवरदेव आणि दुसरीकडे ही भळभळती जखम उभी राहते. प्रेमकथेच्या नायकाला या दोहोंतून वाट काढायला लावू नये.

‘अमर्त्य’ मला पटतो तो त्याच्या जोडीदारामुळे. ‘मर्त्य’ हा शब्द मराठीत जिवंत आहे, आणि या प्रकारच्या प्रेमकथेचा सगळा ताण मर्त्य-अमर्त्य या जोडीतच असतो. ही जोडी आपल्याकडे फार जुनी आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात पुरूरवा-उर्वशीचा संवाद आहे. त्यात ‘यदासु मर्तो अमृतासु निस्पृक्’ अशी ओळ येते: त्या अमृतांशी, न मरणाऱ्या स्त्रियांशी, लगट करू पाहणारा मर्त. ‘निस्पृक्’मध्ये स्पर्श आहे. नोएल यांच्या मालिकेतही पुढे एव्हर आणि डेमन यांना एकमेकांना स्पर्श करता येत नाही, कारण तो स्पर्श त्याच्या जिवावर बेतेल. ‘मर्त्य’ आणि ‘मॉर्टल’ हे मूळ धातूनंही सख्खे नातलग आहेत, तेव्हा ‘अमर्त्य’ लिहिताना आपण मूळ शब्दापासून लांब जात नाही.

संवादात मात्र सतरा वर्षांची मुलगी ‘मी अमर्त्य आहे’ म्हणणार नाही. ती म्हणेल, ‘मला मरण नाही.’ तिची मैत्रीण म्हणेल, ‘तू काय अमरपट्टा बांधून आलीस?’ हा अमरपट्टा नक्की वापरा, कारण तो बाहेरून बांधला जातो आणि या पात्रांचं अमरत्वही बाहेरूनच आलेलं आहे. राहिलं ते लाल पेय. त्याला ‘अमृत’ म्हटलं तर समुद्रमंथन आठवेल. आयुर्वेदात जरा घालवणाऱ्या औषधाला ‘रसायन’ म्हणतात, पण आज त्या शब्दाला प्रयोगशाळेचा वास येतो. मी ‘अर्क’ लिहीन.