सिरीयलमधली भांडणं आईला खरी वाटतात

प्रश्न: ताई, माझ्या आईला अल्झायमर आहे. गेल्या दिवाळीपासून तिला पुण्यातल्या एका केअर सेंटरमध्ये ठेवलंय. माणसं चांगली आहेत, पण हॉलमधला टीव्ही सकाळपासून चालू तो रात्री झोपेपर्यंत, आणि संध्याकाळ झाली की आई "घरात भांडणं चाललीयेत, मला इथून ने" म्हणून रडायला लागते. मागच्या बाजूला एकदम शांत सिंगल रूम आहे, पैसे बरेच जास्त पडतील, घ्यावी का? दादा म्हणतो कशाला, आहे त्याच खोलीत दिवसभर भजनं लावून ठेवू.
– एक लेक, पुणे

उत्तर: सिंगल रूम एवढ्यात नको, आणि दिवसभर भजनं तर नकोच नको.

तसं बघितलं तर आई बरोबरच बोलतायत, भांडणं चाललेलीच असतात, फक्त ती सिरीयलमधल्या सासूसुनांची. आपण टीव्हीकडे कानाडोळा करून शेजारच्याशी गप्पा मारू शकतो, अल्झायमरमध्ये मेंदूला हे आवाज वेगवेगळे करणंच जड जातं, कोण बोलतंय, कुठून बोलतंय, मला बोलतंय का, सगळ्याची खिचडी होते. त्यात बऱ्याच पेशंटना संध्याकाळी अस्वस्थपणा वाढतो, डॉक्टर त्याला सनडाउनिंग म्हणतात, आणि नेमकी तीच वेळ चहाच्या कपबशांची, भेटायला येणाऱ्यांची, सिरीयलींची.

मग शांत खोली का नको? नेदरलँड्समध्ये ग्रोनिंगेन विद्यापीठात कर्स्टन व्हॅन डेन बॉश यांनी यावर बरंच काम केलंय. त्यांचं म्हणणं असं की माणूस आवाजावरून "इथे सगळं ठीक आहे ना" हे सारखं चाचपत असतो. जवळपास कोणीतरी वावरतंय, भांडं वाजलं, दोघी हळू बोलतायत, एवढं कानावर आलं की जिवाला बरं वाटतं, आणि अगदी सामसूम असेल तरीही भीती वाटते. त्यांच्या टीमने मोसार्ट नावाचं मोबाइल ॲप केलं, त्यात स्टाफनेच थांबून आजूबाजूचं ऐकायचं आणि नोंदवायचं, कारण रोज तिथेच काम करणाऱ्याला टीव्ही चालू आहे हेच जाणवत नाही!

तुम्ही एक करा, संध्याकाळी आई बसतात त्याच खुर्चीत डोळे मिटून थोडा वेळ बसा आणि काय काय कानावर येतं ते ऐका. टाइल्सची फरशी आणि मोकळ्या भिंती असल्या की आवाज घुमतो, बेल्जियममध्ये गेंट विद्यापीठाच्या संशोधकांनी ५ नर्सिंग होमच्या हॉलमध्ये आवाजाच्या पातळीबरोबर हे घुमणंही मोजलंय. जाड पडदे लावा, खुर्च्यांच्या पायांना रबरी बुचं बसवा, सतरंजी मात्र नको, पाय अडकून पडल्या तर भलतंच व्हायचं. टीव्ही ठरलेल्या वेळीच लावा म्हणून मॅनेजरांच्या मागे लागा, जेवताना तर बंदच. रात्रीचंही विचारा. जागतिक आरोग्य संघटना हॉस्पिटलच्या वॉर्डात रात्री सरासरी ३० डेसिबलच्या वर आवाज नको म्हणते, आपलं साधं बोलणंच ६०च्या आसपास जातं, म्हणजे दारात उभं राहून मारलेल्या गप्पासुद्धा आत पुरेशा त्रासदायक.

भजनं लावा की, पण रोज एका वेळेला, अर्धा तास, आणि दादांच्या नाही, आईंच्या आवडीची. यूट्यूबवर नको, मध्येच जाहिरात किंचाळते. पेनड्राइव्ह बरा.

आणि या सगळ्याआधी डॉक्टरांकडून कानात मळ साचलाय का ते बघून घ्या, म्हाताऱ्या माणसांत हे फार असतं आणि कोणी बघतच नाही.

प्रश्न: बाबांना डिमेन्शिया आहे, कानाचं मशीन लावलं की काढून फेकतात. काय करू?
– सांगली

उत्तर: मशीन बोलण्याबरोबर ताटांचा खणखणाटही मोठा करतं, त्यामुळे वैतागत असतील. ऑडिओलॉजिस्टकडून, म्हणजे ऐकण्याच्या तज्ज्ञांकडून, सेटिंग तपासून घ्या, कानात टोचतंय का बघा. आधी शांत खोलीत एकाच माणसाशी बोलताना थोडा वेळ लावा, मग हळूहळू वाढवा. बळजबरी केलीत तर पुढच्या वेळी कानाला हातही लावू देणार नाहीत.