वाळवी औषधाला वळसा घालते

प्रश्न : पलूसजवळ काळ्या रानात आमचं घर आहे. दोन वर्षांपूर्वी पुढच्या खोलीतल्या सागवानी चौकटीला वाळवी लागली, तेव्हा माणूस बोलावून औषध मारून घेतलं. चौकट वाचली, पण आता मागे देवघराच्या भिंतीवर मातीची रेघ चढलीय. औषध भेसळीचं होतं का? या वेळी दुप्पट कडक मारायला सांगू का?
— एक गृहिणी, पलूस

उत्तर : ताई, पुढची वाळवी गेली म्हणजे औषधात दम होता. ते फक्त पुढेच मारलं होतं.

कामकरी वाळवीला दिसत नाही. जबड्याने मातीचा कण न् कण उचलायचा, लाळेने-विष्ठेने बोगद्याची भिंत लिंपायची आणि पोटाखालून वासाची रेघ सोडत पुढे जायचं. मागच्या त्या वासावर येतात. मोकळ्या मातीत बोगद्याला फाटे फुटत जातात. वाटेत पाइप, जुनं मूळ किंवा पायाची कड लागली, की त्या कडेकडेनेच निघतात, खणायची मेहनत वाचते. जोत्यात जेमतेम एक मिलिमीटरची भेग त्यांना पुरते.

सांगली-मिरजेत हे काम करायचो तेव्हा मी टेबलावर दोन काचांमध्ये माती भरून त्यात वाळवी सोडून ठेवायचो, गिऱ्हाइकांना दाखवायला. मातीच्या एका पट्ट्यात बायफेन्थ्रिन मिसळलं की बोगदा पट्ट्याच्या अलीकडेच थांबायचा आणि आडवा चालू लागायचा. मेलेली वाळवी फारशी दिसायचीच नाही. गिऱ्हाईक नाराज! पण हे औषध तिला कळतं, म्हणून ती वळसा घालते. पट्टा घराभोवती अखंड असेल तर घर वाचतं. बोटभर जागा सुटली, तर तिथूनच आत.

फिप्रोनिल, इमिडाक्लोप्रिड तिला कळत नाहीत. ती पट्ट्यातून सरळ बोगदा काढते, औषध अंगाला लागतं, पण लगेच मरत नाही. वाळव्या एकमेकींना चाटतात, तोंडातला घास भरवतात, त्यातून ते इतरांपर्यंत पोचतं. इमिडाक्लोप्रिडने तर ती सुस्तावते, अंग साफ ठेवणं सोडून देते, मग मातीतली बुरशीच तिचा निकाल लावते. क्लोरपायरिफॉस मारतं झटपट. बोगद्यात मढी साचली की मागच्या तो मातीने बुजवून दुसरीकडून खणतात.

म्हणून दुप्पट कडक नको. न कळणारं औषधही जास्त घातलं, तर वाळवी इतरांपर्यंत पोचायच्या आत पट्ट्यातच मरेल आणि पुन्हा तीच बुजवाबुजवी. लेबलवरचं प्रमाण पाळा. क्लोरपायरिफॉस 20 टक्क्यांचं असेल तर 1 लिटरला 19 लिटर पाणी, बास.

तुमच्याकडे आणखी एक भानगड आहे, ती काळ्या मातीची. ही माती औषध स्वतःलाच चिकटवून ठेवते आणि उन्हाळ्यात भेगाळली की पट्टाही तिच्याबरोबर फाटतो. त्यामुळे या वेळी एक खोली नाही, सगळं घर करून घ्या. भिंत आणि फरशीच्या सांध्यावर दर 30 सेंटिमीटरला 12 मिलिमीटरचं भोक, प्रत्येकात जिरेल तसं 1 लिटरपर्यंत द्रावण. न्हाणीघर आणि नळ आत येतो ती जागा हमखास विसरतात, तिथे स्वतः उभ्या राहा. जवळ विहीर किंवा बोअर असेल तर काम सुरू व्हायच्या आधीच औषध मारणाऱ्यांना सांगा.

तोवर देवघरातली रेघ पुसू नका, तिच्यावर डब्यातला फवाराही मारू नका. वाळवी फक्त वाट बदलेल. मधेच बोटभर फोडून ठेवा. दोन-चार दिवसांत लिंपली गेली तर ती वाट चालू आहे.

प्रश्न : बांधावरचं वारूळ खणून राणी काढली तर घरातली वाळवी जाईल का? घरचे म्हणतात, नागाची जागा आहे, हात लावू नको.
— एक शेतकरी, शिराळा

उत्तर : बत्तीस शिराळ्यात राहून वारुळाला हात लावायची परवानगी मी कोण देणार! वारूळ बांधते वाळवी. नाग तिथे बिनभाड्याचा भाडेकरू. घरातली वाळवी त्याच वारुळातली असेल असं नाही. घराला लागणाऱ्या काही जातींचं घरटं जमिनीखालीच असतं, वर काही दिसत नाही. शिवाय एका वारुळात कधी कधी एकाहून जास्त राण्या सापडतात. राहू द्या ते. घराच्या भिंतीला टेकवून सरपण रचलं असेल, तर ते मात्र आजच हलवा.