रस्त्यासाठी पॉलिमर मिसळलेलं डांबर पहिल्यांदा वापरताय ना?

मग टँकर आला की आधी ॲजिटेटर, म्हणजे आतलं ढवळणारं यंत्र, चालू आहे का ते बघा. ढवळणं थांबलं की एसबीएस, म्हणजे त्यातलं रबरासारखं पॉलिमर, वर तरंगतं, खाली साधं डांबर उरतं. टाकीच्या वरच्या आणि खालच्या नमुन्यांच्या सॉफ्टनिंग पॉइंटमध्ये (डांबर मऊ होण्याच्या तापमानात) ३ अंशांहून जास्त फरक आला, तर तो माल नाकारा. कंत्राटदार कितीही घाई करू दे!

इलॅस्टिक रिकव्हरी, म्हणजे ताणलेलं डांबर किती परत आखडतं याची चाचणी, स्वतः उभं राहून करा: १५ अंशांना नमुना १० सेंटिमीटर ताणायचा, कापायचा, तासाभराने किती आखडला ते मोजायचं. पॉलिमरचा लवचीकपणा तिथेच दिसतो.

या डांबराचं खडीसोबतचं मिश्रण थंड होताच लवकर ताठरतं, म्हणून रोलर पेव्हरच्या (मिश्रण पसरणाऱ्या यंत्राच्या) मागेच हवा. आणि रस्त्याकडेचं गटार तुंबलेलं असेल तर आधी ते मोकळं करून घ्या. साचलेल्या पाण्यापुढे पॉलिमरही टिकत नाही.