उबुंटूमध्ये प्रोग्रॅम काढून पुन्हा टाकला, तरी जुन्या सेटिंग्ज परत कशा येतात?

प्रोग्रॅम काढणारी 'एपीटी रिमूव्ह' काय किंवा तो सेटिंग्जसकट पुसणारी 'एपीटी पर्ज' काय, दोन्ही आज्ञा तुमच्या होम फोल्डरला (तुमच्या खात्याच्या वैयक्तिक फोल्डरला) हात लावत नाहीत, त्यामुळे पुन्हा टाकलेला प्रोग्रॅम तिथल्या जुन्या सेटिंग्ज उचलतो. उबुंटू ज्यावर आधारलेले आहे त्या डेबियनच्या धोरणानुसार पॅकेज (प्रोग्रॅमचा गठ्ठा) नुसते काढल्यास 'ईटीसी' या यंत्रभरच्या सेटिंग्जच्या फोल्डरमधील कॉन्फिगरेशन फायली राखायच्या असतात आणि पर्ज केल्यावरच पुसायच्या असतात. अशा अर्धवट गेलेल्या पॅकेजपुढे 'डीपीकेजी' या पॅकेज सांभाळणाऱ्या साधनाच्या यादीत 'आरसी' ही अक्षरे दिसतात. होममधल्या फायली मात्र पॅकेजने आणलेल्या नसून प्रोग्रॅमने चालताना वापरकर्त्याच्या नावे तयार केलेल्या असतात, आणि प्रशासकाने एक प्रोग्रॅम काढला म्हणून त्या यंत्रावरील प्रत्येकाच्या घरात शिरून झाडलोट करणे मलाही रास्त वाटत नाही. त्या हातानेच काढाव्या लागतात: लपलेले फोल्डर दिसावेत म्हणून फाइल मॅनेजरमध्ये कंट्रोल-एच दाबा आणि 'डॉट कॉन्फिग', 'डॉट कॅश' व 'डॉट लोकल'मधील 'शेअर' यांत प्रोग्रॅमच्या नावाचे फोल्डर शोधा. ते लगेच न पुसता आधी त्याचे नाव बदलून पाहावे. त्यात सेटिंग्जखेरीज तुमचा डेटाही असू शकतो; उदाहरणार्थ, इव्होल्यूशन या ईमेल प्रोग्रॅमची उतरवलेली मेल याच 'शेअर'मध्ये असते. स्नॅप या उबुंटूच्या दुसऱ्या पॅकेज पद्धतीने टाकलेल्या प्रोग्रॅमला हे लागू नाही, कारण 'स्नॅप रिमूव्ह' होममधील त्याचा डेटाही काढते.