लोंबता अंगठा : दोरा बांधू नका, आधी इको आणि रक्त तपासा

प्रश्न : मुलगा आठ महिन्यांचा आहे. उजवा अंगठा नुसत्या कातडीवर लोंबतो. तो काढून तर्जनीचा अंगठा करावा लागेल, असं डॉक्टर सांगतात. म्हणजे हाताला चारच बोटं राहणार! चुलते म्हणतात, दोरा बांधला की गळून पडेल. आईच्या मते हिने ग्रहणात भाजी चिरली म्हणून हे झालं. आमचं लग्न मामाच्या मुलीशी झालं आहे.
— एक वाचक, तासगाव

उत्तर : गर्भाचा हात चौथ्या ते आठव्या आठवड्यात घडतो. ग्रहणाचा, विळीचा यात काडीचाही संबंध नाही. तुमच्या पत्नीला बोल लावणं आज थांबवा, आईंना हे वाचून दाखवा.

दोरा मुळीच बांधू नका. त्या कातडीच्या देठातून रक्तवाहिनी आणि नस जाते. बोट काळं पडतं, पू होतो आणि शस्त्रक्रिया लांबते.

शस्त्रक्रियेआधी हृदयाची टू-डी इको, किडनीची सोनोग्राफी, मणक्याचा एक्स-रे आणि सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करून घ्या, कारण अंगठ्याच्या दोषाबरोबर या अवयवांतही दोष असू शकतात. तुमचं लग्न नात्यातलं, म्हणून ‘क्रोमोसोम ब्रेकेज’ ही रक्ततपासणी आग्रहाने मागा. तिच्यात फॅन्कोनी अ‍ॅनिमिया हा आई-वडील दोघांकडून येणारा रक्ताचा आजार कळतो. फॅन्कोनी अ‍ॅनिमियात पहिली काही वर्षं सीबीसी अगदी नॉर्मल येऊ शकतो, मग पुढे अस्थिमज्जा रक्त बनवणं कमी करते. तो निघाला, तर पुढच्या प्रत्येक बाळाला धोका 25 टक्के.

आता चार बोटांचं. बाळ खुळखुळा किंवा चुरमुरा कसा उचलतं ते बघा. बहुधा तर्जनी आणि मधल्या बोटाच्या फटीत धरत असेल. मेंदूने त्या अंगठ्याला कधीच वगळलंय. बुडाचा, मनगटाजवळचा सांधाच नसलेला अंगठा ठेवून पाच बोटं दिसतील, पकड येणार नाही.

शस्त्रक्रियेत तर्जनी तिच्या रक्तवाहिन्या, नसा, स्नायूंसकट हलवतात. तळहातातलं तिचं हाड आखूड करतात, बोट 120 ते 160 अंश फिरवून बाकीच्या बोटांसमोर आणतात. त्या हाडाचं वाढकेंद्र काढावंच लागतं, नाहीतर नवा अंगठा वयाबरोबर बोटाएवढा लांब होतो. साधारण एक ते दीड वर्षाच्या सुमारास हे करतात. तर्जनी मुळातच ताठ असेल, तर पकड कमजोर राहते. हे सर्जनना आधीच विचारा.

प्लॅस्टर चार ते सहा आठवडे, तेही कोपराच्या वरपर्यंत, कारण छोटं प्लॅस्टर बाळ झटकून टाकतं. बोटाचं टोक उघडं हवं. टोक पांढरं पडलं तर रक्त पोचत नाही, जांभळं झालं तर परत फिरत नाही. दोन्हीत सकाळच्या एसटीची वाट बघू नका, रात्रीच निघा. पुढे काही महिने रात्री स्प्लिंट (आधाराची पट्टी), दिवसा खेळातून व्यायाम : मणी, शेंगदाणे, चिकणमाती, पण समोर बसून. शेंगदाणा घशात अडकतो.

प्रश्न : मुलगी चार वर्षांची. अंगठा बारीक आहे, पण हलतो. बटण लावता येत नाही. तिचीही तर्जनी हलवावी लागेल का?
— एक वाचक, कराड

उत्तर : बुडाचा सांधा घट्ट असेल तर नाही. लहान वयात मनगटाची सगळी हाडं एक्स-रेत दिसत नाहीत, म्हणून लहान मुलांचे हात नेहमी हाताळणाऱ्या हँड सर्जनकडून तो सांधा हाताने तपासून घ्या. सांधा पक्का निघाला, तर अंगठा-तर्जनीमधली आखडलेली कातडी झेड-प्लास्टीने (Z आकाराचा छेद घेऊन) मोकळी करतात, मधल्या सांध्याचा सैल बंध आवळतात आणि अंगठा समोर आणायला अनामिकेचा स्नायुबंध किंवा करंगळीच्या बुडाचा स्नायू वळवतात. बंध आवळायचा राहिला, तर चिमटीत जोर लावताच अंगठा बाहेर कलंडतो. हे सगळं एकाच भुलीत होईल का, तेही विचारा.