माळाचा आराखडा

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

माळावर बाग करायचा तुझा आराखडा पोचला. तीन दिवस जेवणाच्या टेबलावर पसरून ठेवलाय, चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवून. आमच्याकडे सध्या जेवण ओट्याशी उभ्यानंच चालू आहे. रेखाटन सुरेख आहे, रंगही नेटके भरलेत. चाळीस एकरांत तू काय काय बसवलंयस! संगीत कारंजं, पेव्हर ब्लॉकचा गोल रस्ता, ॲम्फीथिएटर, गावाच्या नावाचा सेल्फी पॉइंट आणि फायबरची सहा हरणं. हरणं कुणी सुचवली ते मी विचारत नाही. नगरपरिषदेच्या बैठकीत अशा गोष्टी कशा शिरतात ते मला ठाऊक आहे.

माझी लाल पेन्सिल मात्र एकाच ठिकाणी थांबली. उजव्या कोपऱ्यात, अगदी बारीक अक्षरात, 'सद्यस्थिती'च्या खाली तू लिहिलंयस: पडीक जमीन, विरळ गवत, काटेरी झुडपं, पर्यावरणीय मूल्य नगण्य. ही ओळ तुझी नाही हे मी ओळखते. ती सातबाऱ्यावरच्या 'पोटखराबा'तून थेट उचललेली आहे. महसूल खात्याच्या लेखी जिथं ज्वारी येत नाही ते खराब. पण बाकीचा सगळा आराखडा त्या ओळीवर उभा आहे. जागा रिकामी आहे असं एकदा मानलं, की ती भरायलाच हवी.

मी हे तोऱ्यात सांगत नाहीये. तीस वर्षांपूर्वी मी स्वतः हेच केलंय. एका तालुक्याच्या गावी माळ हिरवा करायची मोहीम होती आणि वनस्पतीशास्त्राच्या बाई म्हणून सल्ल्याला मला बोलावलं. मी गिरिपुष्प सुचवलं. फांदी खोचली तरी जगतं, पाणी फारसं मागत नाही, दोन वर्षांत सावली देतं. ओळीनं खड्डे खणले गेले, रोपं लागली आणि खरंच जगली. माझा सत्कार झाला. शाल अजून कपाटात आहे. त्या माळावर आधी धाविक पक्षी असायचे. डोळ्यावरून पांढरी रेघ, उंच पांढरट पाय, चार पावलं धावायचं आणि थबकायचं. तो घरटं बांधत नाही. उघड्या मुरमावर, दोन खड्यांच्या मध्ये, खड्यांसारखीच दिसणारी दोन-तीन अंडी घालतो. त्याला झाडाचा काही उपयोग नाही, त्याला चहूकडे मोकळं दिसायला हवं. गिरिपुष्पाची रांग कमरेएवढी झाली त्या उन्हाळ्यात मी फेरी मारायला गेले तर एकही धाविक नव्हता. माळटिटवीही नाही. झाडाखाली गवत नव्हतं, नुसता पाचोळा. मी तिथं उभी राहिले आणि मला माझंच लाजिरवाणं हसू आलं. गावकरी त्या झाडाला उंदीरमारी म्हणतात. नाव विचारलं असतं तरी काही कळलं असतं.

तू पत्रात माहीमच्या महाराष्ट्र निसर्ग उद्यानाचं उदाहरण दिलंयस, की तिथं कचऱ्याच्या ढिगावर जंगल उभं राहिलं, मग आपल्याकडे का नाही? उदाहरण उत्तम आहे, पण ते नीट वाच. धारावीसमोर, मिठी नदीच्या काठाला ती 37 एकर जागा म्हणजे मुंबईचा उकिरडा होता. तिथं गमवण्यासारखं काही उरलंच नव्हतं, म्हणून माती आणून झाडं लावणं हाच शहाणपणा होता. पक्षितज्ज्ञ सलीम अलींच्या हस्ते तिथलं पहिलं झाड लागलं 1983 साली. लोकांसाठी दार उघडलं 1994 साली. मधली अकरा वर्षं बघ. त्या काळात फीत कापायला कुणी नव्हतं. झाडं वाढत होती, माती तयार होत होती, पावसाचं पाणी साठवून वापरायची सोय उभी राहत होती. माहीमकडून घ्यायचं असेल तर ती अकरा वर्षं घे. झाडांची यादी घेऊ नकोस. तुझा माळ उकिरडा नाही.

तो काय आहे हे कळायला तुला तिथं चार ऋतू जावं लागेल. एका खेपेत माळ कळत नाही. मार्चमध्ये गेलीस तर तुला पिवळं खुरटं गवत दिसेल आणि 'नगण्य' लिहावंसं वाटेल. तीच जागा ऑगस्टच्या शेवटी बघ. कुसळी, पवन्या, मारवेल, शेडा अशी चार-पाच गवतं तर तुला चपलेखालीच सापडतील. दिवाळीच्या सुमारास कुसळीची कुसळं तुझ्या सलवारीत अडकतील, ती एकेक काढताना बी जमिनीत स्वतःला कसं पिळत पिळत रुजवतं ते थेंबभर पाणी टाकून बघ. मुलांना दाखवायला याहून स्वस्त प्रयोग मी पाहिलेला नाही. सहा ठिकाणं ठरव, तिथं दगडावर चुन्याची खूण कर आणि दर महिन्याला त्याच खुणेवर उभी राहून त्याच दिशेला फोटो काढ. बारा महिन्यांनी ते बहात्तर फोटो सभागृहाच्या भिंतीवर लाव. नगरसेवकांना अहवाल वाचायला वेळ नसतो, फोटो ते बघतात.

आणि धनगरांना भेट. तुझ्या आराखड्यात चारी बाजूंनी आठ फूट जाळी आहे, फाटकाला कुलूप आहे आणि मेंढ्या कुठंच नाहीत. साताऱ्याजवळच्या कासच्या फुलांच्या पठाराला काय झालं ते आठव. पठार 2012 साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा यादीत गेलं, गर्दी लोटली, लोक फुलांत लोळून फोटो काढायला लागले, मग लोखंडी जाळी आली. माणसं अडली, पण गुरंही अडली. गुरांनी गवत खाणं थांबलं की ते माजतं आणि बोटभर मातीत जगणारी बुटकी फुलं, सीतेची आसवं, गेंद, त्याखाली गुदमरतात, असं आसपासच्या गावांतली जुनी माणसं सांगत होती. शेवटी ती जाळी काढली. सगळा दोष जाळीचाच होता असं मी छातीठोक म्हणणार नाही, पाऊसही पूर्वीसारखा राहिलेला नाही. पण जिथं शेकडो वर्षं खूर पडत आलेत तिथं ते बंद करणं हाही एक मोठा प्रयोगच असतो, आणि तो आपण न सांगता करतो. कासचं मला आवडलेलं वेगळंच आहे: दिवसाला तीन हजार माणसांची मर्यादा, आधी नोंदणी, आणि काम आसपासच्या गावांच्या समितीकडे. मर्यादा मोडते, भांडणं होतात, सुट्टीच्या दिवशी गाड्यांची रांग लागते, सगळं खरं. तरी 'आज जागा नाही, उद्या या' असं सांगायची सवय महाराष्ट्रातल्या एका पर्यटनस्थळाला लागली, हे थोडं नाही.

तुझ्याकडे माळाचे दोन भाग पाड. पावसाळा ते दिवाळी एका भागात चराईबंदी, दुसऱ्यात मेंढ्या. पुढच्या वर्षी उलट. कुठला भाग आधी, हे धनगरांनाच ठरवू दे. बी पडल्यावर बंद भागातलं गवत कापून विकता येतं, लिलाव केलास तर त्यातून एका राखणदाराचा पगार सुटावा. जाळरेषा, म्हणजे वणवा अडवायला गवत काढून मोकळा केलेला पट्टा, जानेवारीतच काढून घे. होळीपर्यंत थांबलीस तर कुणीतरी बिडी टाकलेली असते.

आता बांधकाम. मी बांधकामाच्या विरुद्ध नाही. लोकांना बसायला सावली हवी, बायकांना स्वच्छ स्वच्छतागृह हवं (हे तुझ्या आराखड्यात सगळ्यात लांबच्या टोकाला का आहे?) आणि प्यायला पाणी हवं. पण माळाच्या दक्षिणेला ती जुनी मुरमाची खाण आहे ना, तू नकाशात 'भराव घालून सपाटीकरण' असं लिहिलंयस ती? ती भरू नकोस. जमीन तिथं आधीच मोडलेली आहे. वाहनतळ, तिकीटखिडकी, बचतगटाचं पिठलं-भाकरीचं खोपटं, जे काय उभं करायचं ते खाणीच्या तोंडाशी कर, रस्त्याला लागून. उरलेल्या माळावर पायवाटेखेरीज काही नको. पायवाटही नवी आखू नकोस. मेंढ्यांनी आणि म्हसोबाला जाणाऱ्यांनी ती कधीच आखलीय.

आणि त्या खाणीची मागची भिंत हे तुझं संग्रहालय. मागच्या वेळी तू मला नेलंस तेव्हा मी तिथं बराच वेळ थांबले होते, तुला वाटलं मला दम लागला. दमही लागला होता, पण मी ती तांबडी पट्टी बघत होते. वर काळा पाषाण, खाली काळा पाषाण आणि मध्ये हातभर विटकरी थर. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथं लाव्हा पसरला, थंड झाला, त्यावर ऊन-पावसानं माती झाली. मग वरून दुसरा लाव्हा आला आणि ती माती भट्टीतल्या विटेसारखी भाजून निघाली. दोन थरांच्या मधला सगळा निवांत काळ त्या पट्टीत आहे. सातवीतल्या मुलानं तिच्यावर बोट फिरवलं की बोट लाल होतं. इतकं पुरे. तिथं एलईडी पडदा लावू नकोस. फक्त वरचा सुटा दगड पाथरवटाकडून काढून घे आणि पायथ्यापासून चार फुटांवर कठडा घाल. एका कोपऱ्यात, जिथं भिंत बुटकी आणि पक्की आहे, तिथं हात लावायला जागा ठेव.

फलकांचं थोडक्यात सांगते. फ्लेक्स दोन उन्हाळ्यांत पांढरा पडतो, शहाबादी फरशीवर कोरलेलं टिकतं. नावं आधी गावातली लिही, मग पुस्तकातली. एका फलकावर तीन वाक्यांच्या वर गेलीस तर मी येऊन खोडीन. शाळेची सहल आली तर एका वेळी पंचवीस मुलं, सोबत एक शिक्षक आणि एक गावातला माणूस. तुझ्या 'निसर्ग मार्गदर्शक' या पदासाठी पदवीची अट आहे. त्या अटीत माळावर जन्म काढलेला मेंढपाळ बसत नाही, तेव्हा ती काढ. रात्रीचे हायमास्ट दिवेही काढ. संध्याकाळी सातला फाटक बंद झालं की माळ ज्यांचा आहे त्यांना अंधार लागतो. पाण्याच्या बाटलीवर आत जाताना अनामत घे, परतताना दे. कचरापेटीला पेंग्विनचं तोंड असायची काही गरज नाही.

झाडं अजिबात नकोत असंही नाही. ओढ्याच्या कडेला, जिथं पळस, बोर, हिवर आधीच धरून आहेत, तिथं त्यांचीच सोबत वाढव. करंज, उंबर चालेल. वाहनतळाला सावलीसाठी कडुनिंब लाव खुशाल. घाणेरी आणि गाजरगवत उपटायचं काम मात्र दरवर्षी, फुलायच्या आधी, न चुकता. हे कंटाळवाणं काम आहे आणि त्याचा फोटो कुणी काढत नाही. त्यासाठी अंदाजपत्रकात वेगळी ओळ हवी. तुझ्या अंदाजपत्रकात उभारणीचे आकडे रुपयापर्यंत आहेत आणि देखभालीसमोर 'आवश्यकतेनुसार' लिहिलंय. आवश्यकतेनुसार म्हणजे शून्य, हे मी अनेक उद्यानांच्या गंजलेल्या फाटकांवर वाचलंय. निम्मी रक्कम बाजूला काढ, पाच वर्षांच्या पगारांसाठी. कारंजं गेलं की ती आपोआप निघते.

एक कागदी काम आहे, ते तुझ्या स्वभावाला जमेल. 2002 च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी लागते, तुमच्याकडेही कागदावर असेलच. तिची लोकजैवविविधता नोंदवही, म्हणजे गावच्या झाडा-प्राण्यांच्या नोंदींची वही, मागून घे आणि तुझ्या बारा महिन्यांच्या नोंदी तिच्यात भर. त्याच कायद्याच्या 37 व्या कलमात, स्थानिक संस्थेशी सल्लामसलत करून राज्य सरकार एखाद्या जागेला जैवविविधता वारसा स्थळ जाहीर करू शकतं. गडचिरोलीत आलापल्लीचं जंगल असं जाहीर झालंय, पुण्यात गणेशखिंडीची बाग, सिंधुदुर्गात बांबर्ड्याची रानजायफळाची दलदल आणि आंबोलीत एका बोटभर माशासाठी हिरण्यकेशीचा उगम. मासा आहे म्हणून जागा राखली, हे तुझ्या अध्यक्षांना सांग. त्यांना 'महाराष्ट्रात पहिलं' असं काहीतरी हवं असतं, तर पहिला राखलेला माळ आपला असावा असं म्हण. तो खरोखर पहिला ठरेल का याची मात्र आधी खात्री करून घे, मग बोल.

त्यांचा राग येऊ देऊ नकोस. चाळीस एकर मोकळी जागा प्लॉट न पाडता बागेसाठी ठेवायला त्यांनाही कुणाकुणाशी भांडावं लागलं असणार. फायबरच्या हरणांवर अडूनच बसले तर दोन हरणं वाहनतळापाशी ठेवू दे. मुलं त्यांवर बसतील.

सर्वसाधारण सभा पंधरा तारखेला आहे म्हणतेस. त्याआधीच्या रविवारी मी येते, पहिल्या एसटीनं. सूर्य उगवायच्या आत आपण माळावर असायला हवं. कॅनव्हासचे बूट घाल, पांढरं काही घालू नकोस आणि आराखडा घरी ठेव. मागच्या खेपेला खाणीच्या वरच्या अंगाला, जिथं तुझ्या कारंज्याचा गोल येतो, तिथं मला माळटिटवी पाय ओढत, जखमी झाल्याचं सोंग करताना दिसली होती. ती असं करते तेव्हा अंडी जवळच असतात. या वेळी आपण ती शोधू. पाऊल फार जपून टाकावं लागेल.

तुझी,
बाई