शौचावरचा ताबा सुटल्यास बसवतात त्या नर्व्ह स्टिम्युलेटरमुळे (नसांना सौम्य विद्युत-स्पंदने देणाऱ्या, त्वचेखालच्या यंत्रामुळे) काय त्रास होऊ शकतो?

सर्वाधिक आढळतो तो यंत्राच्या जागी, म्हणजे नितंबाच्या वरच्या भागात होणारा दुखावा. पण खरी काळजी जंतुसंसर्गाची, कारण तो खोलवर गेला तर बहुधा यंत्र काढावेच लागते. पायात मुंग्या येणे, यंत्रापासून नसेपर्यंत जाणारी तार सरकणे किंवा तुटणे, हळूहळू परिणाम ओसरणे हेही घडते. अमेरिकेतील एका चाचणीत 5 वर्षे पाठपुरावा झालेल्या 76 जणांपैकी 27 जणांचे यंत्र दुरुस्त करावे, बदलावे किंवा काढावे लागले. हा आकडा कमी नाही, आणि शस्त्रक्रियेआधी रुग्णाला तो स्पष्ट सांगायलाच हवा. मात्र मुंग्या किंवा झटके बऱ्याचदा प्रोग्रॅमिंग बदलल्याने थांबतात. जागा लाल, गरम झाली, पू किंवा ताप आला, तर लगेच डॉक्टरांना दाखवा.